वतन, सनद आणि परवाना : भोर-वेल्हे परिसरातील जमीनखरेदीचा विचार

जमिनीत भांडवल गुंतवू इच्छिणाऱ्या मनुष्याने प्रथम जमीनदलालीचा परवाना स्वतःच्या नावे मिळवावा, म्हणजे पुढील व्यवहार सुकर होतात, असा समज अलीकडे शहरी मध्यमवर्गात बराच रूढ झाला आहे. हा समज मूळचा अमेरिकेतील. तेथे कॅलिफोर्निया राज्याने १९१७ साली दलालांसाठी परवान्याचा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९१९ साली दुसरा केला, तो टिकला. पुढे इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. परवानाधारकास विकाऊ मालमत्तांच्या याद्या लौकर पाहावयास मिळतात व स्वतःच्या खरेदीत दलालीची रक्कम वाचते, असा तेथील अनुभव सांगितला जातो. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून दलालांची नोंदणी सक्तीची झाल्यावर तोच सल्ला येथेही दिला जाऊ लागला. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत तो कितपत लागू पडतो, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. भोर संस्थानात राजगड नावाचा तालुका होताच, तेव्हा हे नाव एका अर्थी परत आले आहे. येथे मात्र सोयीसाठी वेल्हे हेच नाव ठेवले आहे.

हा विषय कायदेपंडितांचा किंवा अर्थशास्त्रज्ञांचा, इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु कागद जाणणारा मनुष्य जमिनीचा धनी कसा होतो, हा मावळच्या इतिहासातील फार जुना प्रश्न होय. ज्या संस्थानाच्या हद्दीत हे तालुके मोडत होते, त्याच्या संस्थापकाचे पदच त्याची साक्ष देते. शंकराजी नारायण हे छत्रपती राजारामांच्या काळी सचिव झाले. सचिव म्हणजे पूर्वीच्या परिभाषेतील सुरनीस. राजपत्रांतील मजकूर शुद्ध आहे की नाही हे पाहणे, परगण्यांचे हिशेब तपासणे, हे त्या पदाचे काम. कागद तपासणाऱ्या या अधिकारपदातून भोरचे संस्थान उभे राहिले आणि ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत त्याचे अधिपती पंतसचिव या नावानेच ओळखले गेले. कारभाराचा शब्द घराण्याचे नाव झाला आणि त्या नावामागे प्रदेशाची मालकी आली, याहून बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

येथे काही शब्दांकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘दलाल’ हा अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखविणे, खूण दाखविणे असा आहे. म्हणजे दलाल हा मुळात दाखविणारा. आजही खेड्यात जमिनीचा दलाल प्रत्यक्षात जे करतो ते हेच. तो जागा दाखवितो. ‘मध्यस्थ’ हा आपला संस्कृत शब्द निराळ्या वृत्तीचा आहे. दोघांच्या मधोमध उभा राहणारा, म्हणून कोणाच्याच बाजूचा नसलेला, असा भाव त्यात आहे. दाखविणाऱ्यास निःपक्षपाती असण्याचे बंधन नसते, मध्यस्थास असते. आपण आज हे दोन शब्द एकाच मनुष्यासाठी बेधडक वापरतो आणि बराच घोटाळा तेथूनच सुरू होतो. ‘सनद’ म्हणजे टेकू, ज्याच्यावर रेलून उभे राहावे तो आधार. ‘परवाना’ या फारसी शब्दाचा अर्थ आज्ञापत्र, अनुमती. टेकू आणि अनुमती यांत अंतर आहे. सनद हाती असलेल्याची जमीन सनदेवर उभी असते. परवाना हाती असलेल्यास एखादी गोष्ट करण्याची फक्त मोकळीक मिळालेली असते. ‘मिरास’ म्हणजे वारसा. ‘महजर’ या शब्दाच्या मुळाशी हजर असणे ही कल्पना आहे. मालकी ही वारशाने येते आणि हजर असलेल्यांच्या साक्षीने सिद्ध होते, हा जुन्या व्यवस्थेचा सारा सिद्धान्त या दोन शब्दांत सामावला आहे.

त्या व्यवस्थेत जमीन घेणाऱ्यास कोणत्या वाटेने जावे लागे? रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे ही या परिसराची जुनी नावे. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, ही देशमुख घराणी सर्वपरिचित आहेत. देशमुख व देशपांडे परगण्याचे, पाटील व कुलकर्णी गावाचे. गावात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. उपऱ्याने कितीही वर्षे जमीन कसली तरी तो उपरीच. त्यास मिरासदार व्हावयाचे असेल तर बहुधा गतकुळाची, म्हणजे ज्या घराण्याचा वंश संपला किंवा जे परागंदा झाले त्याची, जमीन पाटील व समस्त गावकऱ्यांकडून मिळवावी लागे. त्याचे मोल द्यावे लागे, सरकारात नजर भरावी लागे, आणि मग मिरासपत्र होई. पत्रावर पाटलाचा नांगर उमटे, बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या उमटत. कुंभार, लोहार, चांभार, महार हे साक्षीस असत. ती निव्वळ शोभा नव्हती. पुढे तंटा पडल्यास गोतसभेपुढे हेच लोक किंवा यांचे मुलगे उभे राहून चतुःसीमा सांगणार, म्हणून त्यांची साक्ष. तंटा जिंकणाऱ्याने हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी, असा शिरस्ता असल्याने निवाडा कोणालाच फुकट पडत नसे.

आता या व्यवहारात आजच्या दलालाची जागा कोणाकडे होती हे पाहिले, तर पाटील आणि कुलकर्णी यांच्याखेरीज अन्य नाव पुढे येत नाही. कोणती जमीन गतकुळाची आहे, कोण कर्जात बुडाला आहे, कोणाचा भाऊ परगावी गेला आहे, हे त्यांना ठाऊक. लेखणी कुलकर्ण्याच्या हाती. आणि ते स्वतः जमिनीचे मोठे गिऱ्हाईकही होते. म्हणजे ज्याला आपण आज ‘परवाना असलेला गुंतवणूकदार’ म्हणू, तो मावळात तीनशे वर्षे नांदत होता. वतन हा त्याचा परवाना. हा परवाना लाभदायक होता काय? निःसंशय होता. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीसाठी जेधे आणि उत्रौळीचे खोपडे यांच्यात जो दीर्घ कलह चालला, त्याची हकीकत जेधे करीन्यात वाचावी. एका वतनासाठी घराण्यांनी काय काय पणास लावले ते कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा सूर सावधगिरीचा आहे. राज्यकर्त्याला या वर्गाचे भय वाटत होते ते त्याच्या तलवारीइतकेच त्याच्या दप्तराचे.

मात्र एक भेद विसरता कामा नये. वतनदाराला जमीन पचविता आली ती त्याच्याजवळ अधिकारपत्र होते एवढ्यामुळे नव्हे. गोताने ओळखल्याशिवाय त्याचेही चालत नसे. खोट्या कागदावर खऱ्या माणसाची साक्ष मिळविणे कठीण, कारण साक्षीदाराला त्याच गावात राहावयाचे असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला तोवर हे बंधन पुष्कळ सैल झाले होते, तरी त्याच्या खुणा त्या ग्रंथात स्पष्ट दिसतात.

इंग्रजी अमदानीत हे बंधन प्रथम तुटले ते खालसा मुलखात. मोजणी झाली, सारा व्यक्तीच्या नावे लागला, दिवाणी न्यायालये आली. कागदाला गोताशिवाय किंमत आली. परिणाम काय झाला ते १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात दिसले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे हिसकावून जाळले. दंगलीत माणसांपेक्षा कागदावर राग अधिक, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यावर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावनोंदणी-अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा अशी तरतूद झाली. अडाणी पक्षास कागद समजावून सांगण्यासाठी सरकारने नेमलेला मनुष्य मध्ये उभा करावा, ही कल्पना येथे प्रथम कायद्यात आली. आजच्या दलालनोंदणीचा पूर्वज शोधावयाचा तर तो अमेरिकेत शोधण्यापेक्षा या १८७९ च्या तरतुदीत शोधणे अधिक योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भोर संस्थानची गोष्ट निराळी. तेथे पंतसचिवांचा अंमल होता. परंतु भाटघरचे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत याच संस्थानच्या भूमीवर झाले आणि १९२८ साली लॉइड धरण पुरे होऊन ते अधिकच विस्तारले. बाहेरच्या शेतीसाठी मावळची भूमी पाण्याखाली जाण्याचा क्रम तेव्हापासून सुरू झाला.

विलीनीकरणानंतरची वीस वर्षे या परिसराच्या भूमिव्यवस्थेत सर्वांत निर्णायक ठरली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा, १९४८ चा कूळकायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा, १९५८ चा कनिष्ठ गाववतनांचा कायदा, १९६२ चा महसुली पाटलांचे पद रद्द करणारा कायदा आणि १९६६ ची जमीन महसूल संहिता, असा हा पट आहे. कुलकर्ण्याची लेखणी तलाठ्याकडे गेली. तलाठी पगारी नोकर. त्याच्या लेखणीला वारसा नाही आणि शासकीय सेवक म्हणून स्वतःच्या स्थावर खरेदीचा हिशेबही त्याला द्यावा लागतो. कागद जाणणारा आणि जमीन घेणारा यांची फारकत करण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. तो सर्वस्वी यशस्वी झाला असे कोणी म्हणणार नाही, पण त्याची दिशा स्वच्छ होती.

या कायद्यांतील एका कलमाचा आपल्या प्रश्नाशी अगदी निकटचा संबंध आहे. कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकत घेता येत नाही. घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. काही अपवाद नंतर झाले, परंतु मूळ नियम आजही उभा आहे. म्हणून पुण्या-मुंबईचा जो गृहस्थ वेल्ह्यात जमीन पाहावयास येतो, त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याच्या दलालीच्या परवान्याचा नसतो. ‘तुमच्या नावावर सातबारा आहे का?’ हा तो प्रश्न. भोर-वेल्ह्यातील जमीनखरेदीचा खरा परवाना म्हणजे शेतकरी असल्याचा दाखला, आणि तो बहुधा आजोबांकडून येतो. मिरासदार आणि उपरी हा भेद कायद्याने पुसला असे आपण समजतो. तो नव्या नावाने सातबाऱ्यावर येऊन बसला आहे. खोटे दाखले तयार करण्याचे प्रकार उघडकीस येतात तेव्हा बनावट महजरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. व्यवस्था ज्या कागदाला किंमत देते त्याच कागदाची नक्कल होते.

पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि त्याची स्मृती पुण्याच्या पुराशी निगडित राहिली. त्या धरणासाठी ज्यांची गावे उठली त्यांची आठवण तितकीशी ठेवली गेली नाही. पुढे वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर ही धरणे झाली. जलाशय आले आणि त्यांच्या काठचा उतार, ज्याला गावकरी वरकस म्हणत व जेथे नाचणी-वरीपलीकडे फारसे पिकत नसे, तो एकाएकी मोलाचा झाला. भाताचे खाचर ही येथील खरी दौलत, पण नव्या गिऱ्हाइकास खाचर नको होते, त्याला पाण्याचे दर्शन हवे होते. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली खासगी गिरिस्थानांचे धोरण आखले आणि मुळशी व वेल्हे तालुक्यांतील गावांत लवासाची योजना आली. त्या जमिनींवरून झालेले वाद सर्वश्रुत आहेत. जमीन दाखविणाऱ्यांचा नवा वर्ग खेडोपाडी तयार झाला तो या काळात. त्यातील बरेचजण त्याच गावचे तरुण होते. त्यांच्याजवळ कोणतीही सनद नव्हती. होती ती कोणाचा हिस्सा कोठे आहे याची माहिती.

२०१६ चा स्थावर संपदा अधिनियम या वर्गासाठी झाला, असा सर्वसाधारण ग्रह आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. अधिनियमाच्या कलम ९ नुसार, नोंदणी झालेल्या प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत यांच्या खरेदी-विक्रीत साहाय्य करणाऱ्या दलालास नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीविना काम केल्यास दर दिवशी १०,००० रुपये व एकूण मालमत्तेच्या मूल्याच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०२३ साली प्राधिकरणाने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही लागू केली. त्या वर्षीच्या मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ‘प्रकल्प’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीचा किंवा आठांहून अधिक सदनिकांचा विकास असेल तर त्यास नोंदणी लागते. एखाद्या शेतकऱ्याची दोन एकर वरकस जमीन सातबाऱ्यानिशी जशीच्या तशी विकली जात असेल तर तेथे प्रकल्प नाही, म्हणून नोंदणीही नाही आणि परवान्याचा प्रश्नही नाही. वेल्हे तालुक्यातील डोंगरउतारावरचे असंख्य व्यवहार याच प्रकारचे होत. परवाना मिळविलेला मनुष्य आणि न मिळविलेला मनुष्य या बांधावर अगदी बरोबरीने उभे असतात.

दुसराही भेद आहे. नोंदलेल्या प्रकल्पात जमिनीच्या मालकीत दोष निघाला व त्यामुळे ग्राहकाची हानी झाली, तर कलम १८ अन्वये विकासकाने ती भरून द्यावी लागते. साध्या शेतजमिनीच्या खरेदीत असा कोणी मागे उभा नसतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. सातबाऱ्यावरील नोंद खरी धरली जाते ती विरुद्ध पुरावा येईपर्यंत. तेव्हा खरेदीदाराने पाहावयाचे काय? भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, वतनाची जमीन नव्या शर्तीवर पुनः दिलेली आहे काय, कुळाला कलम ४३ चे बंधन आहे काय, आदिवासी खातेदार असल्यास संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी आहे काय, इतर हक्कांत धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा आहे काय, १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याची छाया त्या गटावर पडते काय, पोटखराबा किती, बहिणींची नावे कोणत्या फेरफाराने उडाली. यांतील शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण दिवाणी दावे बहुधा तेथूनच उगवतात. हे ज्ञान दलालाच्या परीक्षेत मुख्यतः मिळत नाही. तिचा रोख प्रकल्प, करारनामा आणि ग्राहकाशी वर्तन यांवर आहे. जुने फेरफार मोडीत असतील तर मोडी वाचणारा मनुष्य परवानाधारकापेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि असे वाचक आज फार थोडे उरले आहेत. आपल्या विभागांनी याची दखल घ्यावयास हवी.

मग परवान्याचा लाभ कोणास? पुण्याच्या आसमंतात, भोर तालुक्याच्या सपाट भागात, महामार्गालगत नोंदलेले भूखंडप्रकल्प उभे राहत आहेत. तेथे इतरांसाठी व्यवहार जुळवून उपजीविका करणाऱ्यास नोंदणी हवीच. ती त्याच्या धंद्याची अट आहे. बाजारभाव, विकासकांची रीत, करारनाम्यांतील खाचखळगे यांची त्याला ओळख होते आणि ती पुढे स्वतःच्या खरेदीत कामी येते, हेही मान्य केले पाहिजे. थोडे भांडवल असलेल्या तरुणास दलालीच्या उत्पन्नातून भांडवल साठविता येते. पण केवळ स्वतःसाठी एक-दोन जागा घेऊ पाहणाऱ्याने शुल्क भरून, परीक्षा देऊन, नोंदवह्या ठेवण्याची जबाबदारी पत्करून काय साधले, हे समजत नाही. आपल्याकडे परवानाधारकांपुरती खुली असलेली विकाऊ जमिनींची सामाईक यादी अस्तित्वात नाही. प्रकल्पांची माहिती प्राधिकरणाने सर्वांसाठीच खुली ठेवली आहे. अमेरिकेतील सल्ल्याचा पायाच येथे नाही.

उलट परवान्याने एक अडचण येते, तिचा विचार फारसा होत नाही. जो दुसऱ्याचा अभिकर्ता म्हणून उभा राहतो त्याला स्वतःसाठी खरेदी करताना हात बांधून घ्यावे लागतात. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाची कलमे २१५ व २१६ या दृष्टीने मुळातून वाचावीत. मालकाने आपली जमीन विकावयास सांगितलेल्या अभिकर्त्यास त्या जमिनीत खाण आढळली, ती गोष्ट लपवून त्याने जमीन स्वतःच घेतली, तर सत्य कळल्यावर मालकास तो व्यवहार मोडता येतो, असा दृष्टान्त कायद्यातच दिला आहे. वेल्ह्यात खाण नसेल. पण उद्या होणारा रस्ता, बदलणारा विभाग, विकास प्राधिकरणाचा आराखडा ही खाणच होय. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाल्यापासून अशा वार्तांना या भागात मोल आले आहे. विकणाऱ्या शेतकऱ्याने ज्याला आपला मध्यस्थ मानले तोच जर गुपचूप गिऱ्हाईक असेल, तर त्याच्या भिंतीवरचे नोंदणीपत्र त्याचे रक्षण करीत नाही. ते त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते. जुन्या कुलकर्ण्यास ही अडचण नव्हती. तो लिहिणारा व घेणारा दोन्ही होता आणि त्याचे त्याने कधी लपविलेही नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट नमूद करावयाची राहिली. मावळातील अल्पभूधारकास, विशेषतः ज्याचे अर्धे खाचर पूर्वीच धरणात गेले आहे त्यास, जमीन विकल्यावर पुन्हा जमीन घेणे बहुधा शक्य होत नाही. शेवटचा गुंठा गेला आणि सातबाऱ्यावरील नाव संपले की पुढे त्याला शेतकरी म्हणून उभे राहणे अवघड होते; कलम ६३ ची भिंत त्याच्या मुलांपुढे उभी राहते. पूर्वीच्या मिरासदाराचे कूळ परागंदा होऊन परत आले तर गाव त्याची मिरास त्यास परत देत असे, अशी उदाहरणे जुन्या कागदांत आढळतात. आजच्या फेरफाराच्या नोंदवहीत तसा रकाना नाही.